मध : औषध खरे, पण बाटलीतला माल खरा आहे का?

सर्दी-खोकल्याचे दिवस आले की किराणा दुकानांबरोबरच अत्तर, सुरमा, कलौंजी आणि खजूर विकणाऱ्या दुकानांतही मधाची मागणी वाढते. रमजानमध्ये ती आणखी चढते. कुरआनच्या सोळाव्या सूरहचे नावच 'नहल' म्हणजे मधमाशी, आणि मधात शिफा असल्याचा उल्लेखही त्याच सूरहमध्ये आहे. त्यामुळे आपल्या घरांत शहदची बाटली असतेच. बाजारात या विश्वासाला किंमत आहे, आणि नेमका त्याचाच गैरफायदा घेतला जातो.

प्रथम मधाचा गुण पाहू. खोकल्यावर मध हा केवळ आजीबाईचा बटवा राहिलेला नाही. 2007 साली अमेरिकेत 2 ते 18 वर्षांच्या 105 मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला, काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला. प्रमाण साधे होते : पाच वर्षांपर्यंत अर्धा चमचा, अकरा वर्षांपर्यंत एक आणि त्यापुढे दोन चमचे. 2018 साली इंग्लंडच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांतही साध्या खोकल्यासाठी आधी मध घेऊन पाहावा, असे सांगण्यात आले. मध उकळत्या चहात किंवा काढ्यात मात्र टाकू नये. उष्णतेने त्यातील विकरे नष्ट होतात. पेय कोमट झाल्यावर मिसळावा.

मधात सुमारे 80 टक्के साखर असते, पाणी फार थोडे आणि आम्लता बरीच. त्यामुळे जंतू त्यात वाढत नाहीत. जखमेवर मध लावण्याची जुनी रीत यावरच आधारलेली आहे. परंतु रुग्णालयात वापरला जाणारा मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. खोल जखमेवर किंवा भाजलेल्या जागी स्वयंपाकघरातली बाटली रिकामी करू नये.

एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. मधात क्वचित बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात. ही बीजे शुद्ध मधातही असू शकतात आणि घरी गरम केल्याने मरत नाहीत. बाळगुटी मधात उगाळणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. तहनीकची रीतही मुळात खजुराची आहे. मधाची सक्ती नाही.

मधुमेहाच्या रुग्णांनी 'नैसर्गिक आहे' म्हणून मध मनसोक्त खाऊ नये. तीही साखरच आहे. दुकानदारांनीही सावध राहावे. मधुमेह, कर्करोग बरा होतो अशी पाटी लावणे किंवा पत्रके वाटणे हा 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याखाली गुन्हा आहे. गिऱ्हाईक वाढविण्याच्या नादात अनेकांना याची कल्पनाच नसते.

आता भेसळीकडे वळू. मधाचा थेंब पाण्यात तळाशी बसतो का, मधात बुडवलेली वात पेटते का, मुंग्या लागतात का, या घरगुती परीक्षा आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत. त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. साखरेचा पाक हवा तेवढा घट्ट करता येतो आणि मुंग्यांना गोडाशी मतलब. उसाचा किंवा मक्याचा पाक प्रयोगशाळेत सहज पकडला जातो, म्हणून भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने 13 ब्रँडचे नमुने तपासून घेतले, तेव्हा एनएमआर या प्रगत चाचणीत फक्त 3 उतरले. कंपन्यांनी हा आरोप फेटाळला. पण पाकाच्या भावात मध विकला जाऊ लागला की खरा मध काढणारा मधपाळ धंद्यातून उठतो, ही गोष्ट कोणाला नाकारता येणार नाही.

'सिद्र'च्या नावाने तर अधिकच लूट होते. यमनच्या हद्रमौत भागातील दोआन खोऱ्यातला हा मध जगप्रसिद्ध आणि अतिशय महाग आहे. सिद्र म्हणजे आपल्या बोरीच्याच जातकुळीचे झाड. बाटलीवर अरबी अक्षरे छापली म्हणून आतला मध यमनचा ठरत नाही. ते परागकणांच्या तपासणीतूनच कळते. तेवढे पैसे मोजण्यापेक्षा महाबळेश्वरचा जांभळाचा, हिरड्याचा मध काय वाईट? तिथे सात-आठ वर्षांनी कारवी फुलते, तेव्हा तिचाही मध मिळतो. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे 2022 मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. दुकानदाराने अशा मधपाळांशी थेट संबंध जोडावा, मध कोणत्या फुलांचा व कोणत्या हंगामाचा हे विचारून बाटलीवर लिहावे आणि अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक छापावा.

गिऱ्हाइकाची एक तक्रार नेहमीची असते : 'खाली साखर बसली, माल परत घ्या.' मध थिजणे हा भेसळीचा पुरावा नव्हे. ज्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर थिजतो. मोहरीचा तर काही आठवड्यांतच. उलट वर्षभर पातळ राहणारा पाक बिनतक्रार खपतो आणि अस्सल माल दुकानात परत येतो. अशा वेळी दुकानदाराने वाद घालू नये. बाटली कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून मध पुन्हा पातळ झालेला गिऱ्हाइकाला तिथेच दाखवावा.