एकाच वेळी माज, एकाच वेळी रेतन

मेंढीचे माजचक्र साधारण 17 दिवसांचे. माज टिकतो जेमतेम दीड दिवस, आणि तोही मुका: गाय हंबरते तसे मेंढी काही कळू देत नाही, ती मेंढ्यालाच ओळखू येते. म्हणून कृत्रिम रेतन करायचे तर अख्खा कळप एका वेळेवर आणावा लागतो. त्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेला स्पंज 12 ते 14 दिवस योनिमार्गात ठेवतात. तोवर माज थोपलेला राहतो. स्पंज काढताना पीएमएसजी या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, की बहुतेक मेंढ्या एक-दोन दिवसांत माजावर येतात. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने असा देशी स्पंज तयार केला आहे.

खरी कसोटी वेळेची. स्त्रीबीज माजाच्या अखेरीस सुटते, म्हणून ताजे रेत स्पंज काढल्यावर साधारण 48 ते 56 तासांत सोडतात. गोठवलेल्या रेताचे मात्र अवघड. मेंढीचे गर्भाशयमुख वळणावळणाचे, त्यात नळी शिरत नाही आणि गोठवलेले शुक्राणू फार काळ तगत नाहीत. त्यामुळे दुर्बिणीने थेट गर्भाशयात रेत सोडावे लागते. हडकलेल्या मेंढ्यांवर रेतनाचा खर्च करूच नये; आधी त्यांना चांगले खाऊ घालावे.