सल्ला एकाचा, उत्तर कोणाचे?

१३ मे २००४ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल जाहीर झाले आणि देशभरच्या राजकीय पंडितांची अनुमाने एका दिवसात कोलमडून पडली. वाजपेयींचे सरकार पुन्हा येणार, हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात १९९९ मध्ये १८२ जागा मिळविणारा भारतीय जनता पक्ष १३८ वर घसरला आणि १४५ जागा जिंकून काँग्रेस पुढे गेली. परंतु त्याच दिवशी लातूर मतदारसंघात गंगा उलटी वाहिली. चाकूरचे सुपुत्र, १९८० पासून सलग सात वेळा लोकसभेवर निवडून गेलेले आणि १९९१ ते १९९६ या काळात त्या सभागृहाचे सभापतिपद भूषविलेले शिवराज पाटील चाकूरकर हे भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पराभूत झाले. ज्या पक्षाचा प्रचार देशात फसला तो येथे विजयी झाला आणि येथे जे हरले ते दिल्लीत, राज्यसभेच्या मार्गाने, देशाचे गृहमंत्री झाले.

हा केवळ योगायोगाचा खेळ म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही. कारण त्या निवडणुकीतील भाजपच्या देशव्यापी प्रचाराची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते प्रमोद महाजन याच मातीतले होते. चाकूरपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईत ते वाढले. निवडणूक ही स्वतंत्र विद्या आहे, ती शिकता येते, आखता येते आणि तिच्या बळावर सत्ता आणता येते, हा विचार महाराष्ट्राच्या राजकारणात त्यांच्याइतका कोणीच रुजविला नाही. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीकडे शांतपणे पाहिले, तर निवडणूक-सल्लागार नावाच्या आजच्या बलाढ्य संस्थेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा दोन्ही ध्यानी येतात.

शिक्षक ते सूत्रधार

१९४९ मध्ये जन्मलेले महाजन ऐन तारुण्यात अंबाजोगाईला शाळेत इंग्रजी शिकवीत असत. १९७४ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते संघकार्यात पूर्ण वेळ उतरले. आणीबाणीत त्यांनी नाशिकच्या कारागृहात दिवस काढले. पुढे भाजपची स्थापना झाल्यावर संघटनेच्या पायऱ्या ते झपाट्याने चढत गेले. १९८४ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष देशात अवघ्या दोन जागांवर आला. त्या पराभवातून महाजन यांनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या पुढील सर्व वाटचालीचे सूत्र ठरला. केवळ विचार शुद्ध असून भागत नाही. मित्र जोडावे लागतात, साधने उभी करावी लागतात आणि लोकांच्या डोळ्यांत भरेल असे प्रतीक द्यावे लागते.

१९८९ मध्ये शिवसेनेशी झालेली युती हे या सूत्राचे पहिले मोठे फळ. लालकृष्ण अडवाणी १९९० मध्ये पदयात्रेचा विचार करीत असता, पायी चालून किती गावे होणार, त्याऐवजी वाहनाचाच रथ करावा, ही कल्पना महाजनांची. २५ सप्टेंबरला सोमनाथहून निघालेल्या त्या रथाने भाजपला घराघरांत पोहोचविले. त्याचबरोबर देशात तेढ आणि दंगलीही वाढविल्या. प्रचाराचे तंत्र किती परिणामकारक असते याचे हे उदाहरण आहे. आणि परिणामकारक असणे म्हणजे हितकारक असणे नव्हे, याचेही. १९९५ मध्ये शिवसेनेने ७३ आणि भाजपने ६५ जागा जिंकून मुंबईत सत्ता हस्तगत केली, तेव्हा गोपीनाथ मुंडे यांची लोकांमधील झुंज आणि महाजन यांची पडद्यामागची जुळवाजुळव एकमेकांना पूरक ठरली होती.

गंमत अशी की, इतरांना निवडून आणण्याची ही विद्या महाजनांना स्वतःच्या कामी फारशी आली नाही. ते लोकसभेवर केवळ एकदा, १९९६ मध्ये ईशान्य मुंबईतून, निवडून गेले. १९९८ मध्ये गुरुदास कामत यांनी त्यांचा पराभव केला. तथापि, त्यामुळे त्यांचे वजन घटले नाही. त्याच वर्षी ते पंतप्रधानांचे राजकीय सल्लागार झाले, राज्यसभेवर गेले आणि मंत्रिमंडळातही आले. मित्रपक्षांची मनधरणी करावी महाजनांनी, उद्योगपतींशी संपर्क ठेवावा महाजनांनी, पक्षाचा निधी उभा करावा महाजनांनी, अशी स्थिती होती. ज्याला इंग्रजीत ‘लॉबिइंग’ म्हणतात, म्हणजे सत्तेच्या दालनात कोणाचे तरी म्हणणे कोणासाठी तरी वजनदारपणे मांडणे, ते काम आपल्याकडे असे मंत्री, संघटक आणि मध्यस्थ यांच्या सीमारेषेवर चालत आले आहे.

चकाकीचा हिशेब

२००३ च्या डिसेंबरात मध्य प्रदेश, राजस्थान व छत्तीसगड ही राज्ये भाजपने जिंकली आणि लोकसभेची निवडणूक मुदतीपूर्वी घेण्याचे ठरले. ‘इंडिया शायनिंग’ या घोषणेचा गजर झाला. वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज दूरध्वनीवरून मतदारांच्या कानी पडू लागला. त्या काळी ही नवलाईच होती. परंतु ज्या वर्षी राज्याच्या अनेक भागांत दुष्काळाने माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, त्या वर्षी देश चकाकतो आहे हे सांगण्यासाठी कितीही कुशल वाणी लाभली तरी ती ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणार कशी? मतदाराच्या मनात जे आधीच खदखदत असते, त्याला शब्द देणे हे प्रचारकाचे खरे कसब होय. मनात नसलेले तेथे नेऊन बसविणे कोणत्याही तंत्राला फार काळ साधत नाही.

आणि तरीही लातुरात भाजप जिंकला! दिल्लीहून आखलेल्या घोषणेने देशात पराभव घडविला, असे म्हणणाऱ्यांनाही या निकालाने निरुत्तर केले. प्रत्येक मतदारसंघाची स्वतःची भाषा असते, आपल्या प्रतिनिधीविषयीचे स्वतःचे समाधान वा गाऱ्हाणे असते. ती भाषा राजधानीतील तक्त्यांत आणि आलेखांत उतरत नाही, हाच त्याचा अर्थ.

महाजनांनी त्या पराभवाची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. दोन वर्षांनी, ३ मे २००६ रोजी, सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्यांनी घायाळ होऊन त्यांचा शोचनीय अंत झाला. त्यांच्या राजकारणाशी मतभेद असणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. ते सल्लागार असले तरी पक्षाचे होते. जय झाला तर त्यात वाटेकरी आणि पराजय झाला तर सभेत, संसदेत, वृत्तपत्रांत उत्तर द्यायला बांधलेले.

भाडोत्री विद्या

आजचे चित्र निराळे आहे. २०१४ नंतर निवडणूक-सल्ला हा उघड व्यवसाय झाला. प्रशांत किशोर यांनी त्या वर्षी नरेंद्र मोदी यांच्यासाठी, २०१५ मध्ये नितीशकुमार यांच्यासाठी आणि २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेससाठी काम केले. विचार परस्परविरोधी, ग्राहक निरनिराळे, विद्या मात्र एकच. याच किशोर यांनी २०२४ मध्ये स्वतःचा जन सुराज पक्ष काढला आणि २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीत त्यांना एकही जागा मिळाली नाही. दुसऱ्याला दिलेला सल्ला आणि स्वतः मागितलेला विश्वास यांत किती अंतर असते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

वकील जसा कोणाचेही वकीलपत्र घेतो, तसा सल्लागाराने कोणालाही सल्ला द्यावा. यात गैर ते काय, असे कोणी विचारील. उपमा आकर्षक आहे, पण अपुरी आहे. वकील खुल्या न्यायालयात उभा राहतो, समोर प्रतिपक्ष असतो आणि वर न्यायाधीश असतो. सल्लागार मात्र दिसत नाही. त्याने सुचविलेले आश्वासन उमेदवार देतो, त्यावर विसंबून मत शेतकरी वा कारकून देतो आणि ते पुरे न झाल्यास जाब विचारायचा तर सल्लागार तोवर दुसऱ्या राज्यात दुसऱ्या पक्षाच्या कचेरीत बसलेला असतो. शिवाय, ज्या कार्यकर्त्याने वर्षानुवर्षे गावातल्या विहिरीचा आणि शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न डोक्यात बाळगला, त्याचे स्थान पगारी सर्वेक्षकाने घेतले की पक्षाचे कान जातात आणि केवळ तोंड उरते.

प्रश्न पैशाचाही आहे. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत २०२२ पासून ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीही मर्यादा नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे, असा निर्णय दिला, तेव्हा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तो निष्प्रभ केला. २००३ मध्ये ती पळवाट आखडली गेली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचे दार उघडेच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविले, ते मतदाराला देणगीदार कळला पाहिजे या तत्त्वावर. देणगीदार कळला पाहिजे, तर त्या देणगीतून कोणता सल्ला किती किमतीला विकत घेतला, हे का कळू नये? अमेरिकेत सरकारकडे रदबदली करणाऱ्या मध्यस्थांना १९९५ च्या कायद्यान्वये आपले अशील व मोबदला जाहीर करावा लागतो. आपल्याकडे तसा कायदाच नाही.

उपाय अवघड नाहीत. पक्षाच्या निवडणूक खर्चावर मर्यादा घालावी. निवडणूक आयोगाला सादर होणाऱ्या हिशेबात सल्लागारांचा मोबदला नावानिशी स्वतंत्र दाखवावा. सरकारदरबारी कोणाच्या वतीने कोण शब्द टाकतो याची नोंदवही ठेवून ती जनतेला खुली करावी. राजकीय पक्ष हे आपण होऊन करतील, ही आशा भाबडी ठरेल. त्यासाठी प्रचारसभेत उभे राहून प्रश्न विचारणारा सुशिक्षित मतदार हवा. जाहीरनामा हाती पडल्यावर तो कोणी लिहिला आणि तो पाळण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, एवढे दोन प्रश्न शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवले, तरी भाडोत्री विद्येची निम्मी चकाकी उतरेल. मतदाराला कोणी सल्लागार नसतो. तरीही त्याने भल्याभल्या सल्लागारांना धडा शिकविला आहे. लोकशाहीची उरलीसुरली आशा याच शहाणपणात आहे.