आवृत्तिनियंत्रणाची प्रवेशपुस्तिका : रचनेचा प्रश्न

संगणकावरील लेखनात अगर आज्ञावलीत उत्तरोत्तर होणारे बदल क्रमाने नोंदवून ठेवणे आणि हवी ती पूर्वावस्था पुन्हा उपलब्ध करून देणे, हे आवृत्तिनियंत्रण-प्रणालीचे कार्य होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासकार्यासाठी निर्माण केलेली 'गिट' ही त्यांपैकी आज सर्वाधिक प्रचलित प्रणाली. तिच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. तथापि प्रथमाभ्यासी अद्यापि तिच्यापुढे अडखळतो. दोष माहितीच्या अभावाचा नसून तिच्या मांडणीचा आहे.

प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पृष्ठ देण्याची पद्धती जाणकारास सोयीची. पण ज्याला शब्दच ठाऊक नाही, त्याने तो कोशात शोधावा कसा? त्यातच गिटमधील नावे सरळ नाहीत. 'चेकआउट' ही एकच आज्ञा शाखा बदलते आणि फाइलमधील न नोंदलेले बदल पुसूनही टाकते. ही दोन कामे २०१९ मध्ये २.२३ या आवृत्तीत 'स्विच' व 'रिस्टोर' या आज्ञांत विभागण्यात आली. जुनी आज्ञाही कायम राहिली. नोंदीपूर्वीच्या जुळवणीच्या जागेला तर 'इंडेक्स', 'कॅश' व 'स्टेजिंग एरिया' अशी तीन नावे आहेत. प्रवेशपुस्तिकेने त्यांतील एक स्वीकारावे, उरलेल्या दोहोंचा एकदाच उल्लेख करावा आणि पुढे त्या निवडीशी प्रामाणिक राहावे.

गिटसोबत मिळणाऱ्या 'यूजर मॅन्युअल'ची रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिची पहिली दोन प्रकरणे दुसऱ्याचे भांडार मिळवून त्याचा इतिहास वाचण्यास वाहिलेली आहेत; स्वतः नोंद करणे तिसऱ्यात येते, इतरांशी देवाणघेवाण चौथ्यात. वाचन आधी, लेखन नंतर हा क्रम निःसंशय सुज्ञपणाचा होय, कारण वाचणाऱ्याच्या हातून सहसा काही बिघडत नाही. मात्र चुका दुरुस्त करण्याचा भाग त्याच तिसऱ्या प्रकरणात, शाखांच्या मीलनानंतर येतो. नवख्याची पहिली चूक तोवर थांबत नाही.

खरा धोका येथेच आहे. एकदा नोंदलेले काम चुकीच्या 'रीसेट'मुळे दिसेनासे झाले, तरी 'रेफलॉग'च्या साहाय्याने ते बहुधा परत मिळते. शाखेपासून तुटलेल्या नोंदींचा माग तेथे सामान्यतः ३० दिवस ठेवला जातो. न नोंदलेल्या बदलांना असे संरक्षण नाही. 'रीसेट हार्ड' ही आज्ञा ते कोणताही प्रश्न न विचारता नाहीसे करते. प्रबंधाच्या प्रकरणावर आठ दिवस काम करून एकही नोंद न केलेल्या विद्यार्थ्याला हा भेद आधी सांगितलेला असावा लागतो. म्हणून परत काय मिळते व काय मिळत नाही, याचे पृष्ठ पहिल्या नोंदीच्या धड्याला लागूनच हवे. तेथे चार ओळी पुरतात.

अंतर्गत रचना केव्हा सांगावी, याविषयी मतभेद संभवतो. स्कॉट चेकन व बेन स्ट्रॉब यांचे 'प्रो गिट' पहिल्याच प्रकरणात फाइलीच्या तीन अवस्था समजावते, तर 'यूजर मॅन्युअल' मूलभूत संकल्पना सातव्या प्रकरणापर्यंत लांबवते. पहिला मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. परंतु ते विवेचन दोन-तीन नोंदी प्रत्यक्ष करून झाल्यावर यावे. हाताने केलेल्या कृतीचेच स्पष्टीकरण मनात ठरते.

मराठी अभ्यासकासाठी पुस्तिका लिहिणाऱ्यास आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. फाइलीला देवनागरी नाव दिले असता गिट ते मूळ व्यवस्थेनुसार अवतरणचिन्हांत, तिरप्या रेघा व अष्टमान अंकांच्या लांबलचक माळेने दाखवते. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हामागे असे तीन संकेत पडतात. 'प्रकरण' या नावाचे हे रूप पाहून फाइल बिघडली असेच कोणालाही वाटेल. वस्तुतः ती सुरक्षित असते. 'कोअर डॉट कोटपाथ' हा पर्याय बंद केला की नाव पूर्ववत दिसू लागते. परभाषी पुस्तिकेत ही सूचना मागे कोठेतरी दडली तरी चालते; मराठी पुस्तिकेत तिची जागा पहिल्या धड्यात.