खिडकी, धोतर आणि मुलाचा चेहरा

शाळा सुरू झाली की ओळखपत्रासाठी मुलांचे फोटो मागवले जातात. वर्गशिक्षकांच्या टेबलावर जमलेला तो गठ्ठा एकदा शांतपणे चाळून पाहावा. काही फोटोंत नाकाची सावली मिशीसारखी ओठावर उतरलेली असते. काहींत कपाळ आणि गाल चकाकतात, पण डोळे काळ्या खाचेत गेलेले असतात. सावळ्या मुलांचे फोटो तर बहुधा दोनच प्रकारचे. एकात चेहऱ्याच्या जागी नुसता गडद आकार, दुसऱ्यात दुकानदाराने संगणकावर उजळवून राखेच्या रंगाचा केलेला चेहरा. ‘सर, हा मी वाटतच नाही,’ असे एखादा मुलगा म्हणतो तेव्हा वर्ग हसतो. पण त्याची तक्रार अगदी रास्त असते.

असे फोटो टाळायला महागडा स्टुडिओ लागत नाही. मीरा रोड किंवा भाईंदरच्या दोन खोल्यांच्या घरातही एक खिडकी, एक ट्यूबलाइट, जुने धोतर आणि पांढरा पुठ्ठा एवढ्यावर काम भागते. मात्र प्रकाश किती आहे यापेक्षा तो केवढ्या आकाराच्या उगमातून येतो, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. चार फुटी ट्यूबलाइटखाली टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि कागदापासून १० सेंटिमीटर उंचीवर पेन्सिल आडवी धरा. पेन्सिल ट्यूबला समांतर असेल तर सावली रेखीव पडते. आता पेन्सिल काटकोनात फिरवा. सावली इतकी पसरते की जवळजवळ नाहीशी होते. दिवा तोच, उंची तीच, पेन्सिलही तीच. फरक एवढाच की ट्यूब एका दिशेने १२० सेंटिमीटर लांब आहे आणि दुसऱ्या दिशेने जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद.

ग्रहणाच्या धड्यात आपण प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवतो. सावलीच्या कडेची ही धूसर पट्टी, म्हणजे उपच्छाया, किती रुंद असेल याचा हिशोब समरूप त्रिकोणांनी होतो. उगमाच्या रुंदीला वस्तू आणि पडदा यांच्यातील अंतराने गुणायचे आणि उगम व वस्तू यांच्यातील अंतराने भागायचे. ट्यूब टेबलापासून दोन मीटर उंचीवर आहे असे धरले, तर पहिल्या स्थितीत ही पट्टी सव्वा मिलिमीटरची येते आणि दुसऱ्या स्थितीत सहा सेंटिमीटरहून जास्त.

हाच हिशोब मुलाच्या नाकाला लावू. नाक गालापासून सुमारे दोन सेंटिमीटर पुढे असते. दीड मीटरवरच्या, सहा सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या बल्बने पडणाऱ्या सावलीची कड ०.८ मिलिमीटर रुंद येईल, म्हणजे सुरीने कापल्यासारखी. सूर्य प्रचंड असला तरी इतका दूर आहे की त्याचा कोनीय व्यास अर्ध्या अंशाच्या आसपासच भरतो. त्यामुळे उन्हात ही कड ०.२ मिलिमीटरची. पण मूल एक मीटरवरच्या १२० सेंटिमीटर रुंदीच्या खिडकीजवळ बसले, तर उत्तर २.४ सेंटिमीटर येते. सावलीची कड नाकाच्या उंचीपेक्षा रुंद झाली, म्हणजे कड अशी उरलीच नाही. प्रकाश गालावरून हळूहळू सावलीत विरतो आणि चेहऱ्याची गोलाई दिसू लागते. छायाचित्रकार ज्याला ‘मऊ प्रकाश’ म्हणतात तो हाच. मूल खिडकीपासून चार मीटर मागे नेले, की त्याच खिडकीचा प्रकाश पुष्कळ कडक होतो. मऊपणा म्हणजे चेहऱ्यावरून पाहताना उगम केवढा दिसतो, त्याचे माप.

आता सावळ्या चेहऱ्याकडे वळू. त्वचेवर पडलेल्या प्रकाशापैकी चार-पाच टक्के भाग अगदी वरच्या थरावरूनच, काचेवरून परतावा तसा परततो. त्याला त्वचेचा रंग नसतो, दिव्याचा असतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, विखुरतो. मेलॅनिन आणि रक्त त्यातला काही शोषतात आणि बाकीचा त्वचेचा रंग घेऊन बाहेर येतो. गोऱ्या त्वचेतून असा सुमारे तिसरा हिस्सा परत येतो, गडद त्वचेतून दहावा किंवा त्याहूनही कमी. वरवरची चकाकी मात्र दोन्हीकडे सारखीच. म्हणजे सावळ्या चेहऱ्यावर एकूण प्रकाशात चकाकीचा वाटा मोठा ठरतो. उगम लहान असेल तर ही चकाकी कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे ठिपके होऊन बसते. उगम मोठा असेल तर ती गालाच्या हाडावर, कानशिलावर, हनुवटीवर पसरते आणि चेहऱ्याचा घाट तीच घडवते. म्हणून मोठ्या उगमाचा फायदा गोऱ्या मुलापेक्षा सावळ्या मुलाला जास्त होतो. फोटोआधी आई जी पावडर थापते तिने नेमके उलटे घडते. पावडरीचे कण पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतात, घाट बुजतो आणि राखेची छटा येते. पावडर पुसून तोंड नुसते धुतले तरी फोटो सुधारतो.

कोणती खिडकी निवडावी? युरोपीय पुस्तकांत सरसकट उत्तरेची खिडकी सांगितलेली असते, कारण लंडनमध्ये जूनमध्येही दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो. आपले तसे नाही. मीरा-भाईंदर १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा, असे दोन शून्य सावली दिवस येथे येतात. त्यांच्या दरम्यानचे सुमारे दहा आठवडे सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर भागात असतो. तेव्हा मे महिन्यात सकाळी-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत आले तर नवल नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की प्रश्नच मिटतो. ढगांनी भरलेले आकाश हाच एक अवाढव्य दिवा होतो. इतर महिन्यांत ज्या खिडकीत थेट ऊन नाही ती खिडकी चांगली, दिशा कोणतीही असो.

शहरात खरी अडचण दिशेची नसते, समोरच्या इमारतीची असते. २०११ च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. एवढी माणसे राहायची म्हणजे इमारती एकमेकींना खेटूनच उभ्या राहणार. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून आकाश दिसतच नाही, दिसते ती शेजारची भिंत. ती पांढरी असेल तर उत्तम. गुलाबी किंवा हिरवी असेल तर तो रंग मुलाच्या गालावर उतरतो. मूल जिथे बसणार तिथे आपण स्वतः बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आकाशाचा केवढा तुकडा दिसतो ते पाहावे. माझ्या मते ही एक कृती कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त सांगते.

आकाशाच्या उजेडावर मुलांचे चेहरे टिपण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यातले सर्वांत प्रसिद्ध काम घरच्याच मुलांवर झाले. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटांकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे फोटो स्टुडिओ चालवला होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी दादरला बंगल्याच्या आवारात सूर्यप्रकाशात चित्रीकरण केले. त्यात हरिश्चंद्राचा मुलगा झाला होता त्यांचाच मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाची भूमिका त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली. या चित्रपटाच्या उपलब्ध प्रतीत सुरुवातीलाच मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो, एकामागून एक हावभाव बदलणारा. मुलाच्या चेहऱ्यासाठी उजेड कसा हवा हे वर्गाला दाखवायचे असेल तर एवढा तुकडा पुरेसा आहे.

त्याआधीच्या काळात मुलांचे फोटो हे संकटच होते. एकोणिसाव्या शतकातल्या काचा इतक्या मंद असत की कित्येक सेकंद स्थिर बसावे लागे. तान्ही मुले कुठली बसणार? इंग्लंड-अमेरिकेत आईला कापडाखाली झाकून, खुर्ची असल्याचे भासवून, तिच्या मांडीवर मूल बसवत. असे बरेच फोटो आजही पाहायला मिळतात. कापडाखालून कुठे तरी हात बाहेर आलेला असतो.

मूल आजही हलतेच. बोलता बोलता डोके सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने वळले, तर १/३० सेकंदात ते एक सेंटिमीटर सरकते आणि १/२५० सेकंदात एक मिलिमीटरच्या थोडे वर. म्हणून उजेड भरपूर हवा. रात्री घरात टेबलावर १०० ते २०० लक्स असतात. दिवसा खिडकीजवळ, ऊन नसतानाही, हजार-दोन हजार सहज मिळतात. तेव्हा शक्यतो दिवसाच फोटो काढावेत.

रात्रीच काढायचे असतील तर धोतर उपयोगी पडते. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरे धोतर किंवा पातळ चादर एकेरी पसरावी. तिच्यामागे एलईडी दिवा ठेवावा आणि पुढे मीटरभरावर, किंचित बाजूला, मूल बसवावे. इथे बहुतेक जण दिवा कापडाला चिकटवतात. तसे केले की हातभर जागाच उजळते आणि उगम पुन्हा लहान होतो. दिवा मीटरभर मागे नेला की सगळे कापड उजळते, आणि आता कापड हाच दिवा. निम्म्याहून जास्त उजेड यात जातो, तो सोसावा. जुने ५०० वॉटचे हॅलोजन मात्र कापडामागे कधीच लावू नयेत. त्यांची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते आणि कापड पेटते.

खिडकी असो वा धोतर, चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारात राहते. तिथे परावर्तक हवा. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे स्टीलचे ताट सुचणे साहजिक आहे. पण ताट हा आरसा. त्यातून खिडकीची प्रतिमाच परत येते आणि गालावर झगझगीत तुकडा पडतो. पांढऱ्या ड्रॉइंग पेपरने मढवलेला पुठ्ठा प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणजे तो स्वतःच एक मोठा उगम बनतो. तो चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, फोटोच्या चौकटीबाहेर धरावा. भाईंदरच्या मिठागरांजवळ मिठाच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा खालून उजळलेला दिसतो, तो अशाच पुठ्ठ्याचा अवाढव्य अवतार. आणि पावसाळ्यातली काळी छत्री? परावर्तक म्हणून निरुपयोगी, पण शेजारच्या हिरव्या भिंतीचा रंग अडवायला फार चांगली.

ओळखपत्रासाठी मागे पांढरा पडदा लागतो आणि तिथे कॅमेरा फसतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे १८ टक्के प्रकाश परतवणारे असावे, अशी त्याच्या साध्या मापनपद्धतीची धारणा असते. चौकटीत पांढरे जास्त आले की तो उजेड कमी करतो, आणि सावळे मूल आणखी काळवंडते. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की बहुतेक फोन चेहऱ्यापुरते मोजमाप करतात. पडदा जास्त पांढरा झाला तरी बिघडत नाही. मोजमापाची ही पट्टी कोणावरून ठरवायची, हा प्रश्न रंगीत फिल्मच्या काळातही होता. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे नमुना कार्ड पाठवत असे, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या तरुणीचाच फोटो असे.

फोटोवर आडवे पट्टे आले तर दोष विजेच्या दिव्याचा. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोन फोटो ओळीओळीने टिपतो, त्यामुळे ही धडधड पट्ट्यांसारखी उमटते. वेळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवली की प्रत्येक ओळीला पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे जातात.

फोटो निघाल्यावर तो मोठा करून मुलाच्या डोळ्यात पाहावे. डोळ्याचा पारदर्शक पडदा हा सुमारे आठ मिलिमीटर वक्रता त्रिज्येचा बहिर्गोल आरसा आहे. त्यात उगमाची छोटी प्रतिमा दिसते: खिडकी असेल तर गजांसकट चौकोन, धोतर असेल तर उभा पट्टा, फ्लॅश असेल तर बुबुळाच्या मधोमध एक टिंब. गठ्ठ्यातले फोटो मुलांसमोर ठेवावेत आणि प्रत्येकात दिवा कुठे होता, केवढा होता, ते डोळ्यांतून वाचून सांगायला लावावे.