ट्रॅपडोर कोळ्यांचे बंदिवासातील प्रजनन

ट्रॅपडोर कोळी हे जमिनीत रेशमाचे अस्तर असलेले बीळ करून त्याच्या तोंडावर माती व रेशमाची, बिजागरीसारखी उघडणारी झडप बसवणारे कोळी होत. मिगॅलोमॉर्फी गटातील अनेक कुलांत ते आढळतात. इडिओपिडी कुलातील इडिओप्स प्रजाती भारतात आढळते; तिच्यातील इडिओप्स बॉम्बेयेन्सिस या जातीचे वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जातीचे नाव मुंबईच्या जुन्या इंग्रजी नावावरून आले आहे. या कोळ्यांची वाढ मंद असल्याने बंदिवासात त्यांचे प्रजनन करणे अवघड असते.

जीवनक्रम

नर व मादी यांच्या आयुर्मानात मोठी तफावत असते. नर काही वर्षांत पक्व होतो, शेवटची कात टाकल्यावर बीळ सोडून मादीच्या शोधात फिरतो आणि त्यानंतर फार काळ जगत नाही. मादी मात्र बहुधा एकाच बिळात दीर्घकाळ राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून नोंदी ठेवलेली 'क्रमांक १६' ही गायस व्हिलोसस जातीची मादी ४३ वर्षे जगली. २०१६ मध्ये तिच्या बिळाची झडप परजीवी गांधीलमाशीने भेदल्याचे आढळले.

निवारा

पात्र रुंदीपेक्षा खोलीने मोठे असावे लागते. माती दाबून भरली तरच बीळ ढासळत नाही. तिचा खालचा थर ओलसर व पृष्ठभाग त्या मानाने कोरडा ठेवतात. सावनेरसह विदर्भात आढळणारी काळी माती ओली असता फुगते व वाळल्यावर भेगाळते; त्यामुळे ती एकटी वापरल्यास बिळाचे अस्तर फाटण्याचा संभव असतो. खाद्य म्हणून रातकिडे व लहान झुरळे देतात. पाहणीसाठी बीळ वारंवार उकरणे हानिकारक ठरते.

मीलन

पक्व नर प्रथम रेशमाच्या लहान जाळीवर शुक्राणू सोडतो व ते मुखाजवळील पादसदृश अवयवांच्या टोकांत भरून घेतो. त्यानंतरच त्याला मादीच्या पात्रात सोडतात. तो बिळाच्या तोंडाशी कंपने निर्माण करून मादीला आपली चाहूल देतो. मादी प्रतिसाद न देता त्याला भक्ष्य करण्याचीही शक्यता असते.

पक्व झाल्यानंतरही मादी कात टाकत राहते. कातीबरोबर शुक्रग्राहिकेचे अस्तर निघून जात असल्याने साठवलेले शुक्राणू नष्ट होतात. म्हणून मीलन नुकत्याच कात टाकलेल्या मादीशी घडवणे इष्ट असते. एकाच पिढीतील नर बहिणींच्या आधी पक्व होऊन मरत असल्याने केवळ भावंडे पाळून पुढची पिढी मिळणे कठीण असते.

पिल्ले

मादी अंड्यांची रेशमी पिशवी बिळातच ठेवते. पिल्ले काही काळ तिच्याजवळ राहतात व मग बाहेर पडून स्वतःची लहान बिळे करतात. या टप्प्यावर ती परस्परांना खाऊ शकतात. म्हणून प्रत्येकाला मातीच्या स्वतंत्र कुपीत ठेवतात.

संवर्धनाशी संबंध

बंदिवासातील प्रजनन यशस्वी झाल्यास निसर्गातून कोळी पकडण्याची गरज कमी होऊ शकते. मात्र प्रजननासाठी पुनःपुन्हा रानातील माद्याच आणल्या, तर हा हेतू साधत नाही. पक्व मादी अनेक वर्षे पिल्लांना जन्म देऊ शकते आणि तिची जागा घेणारी मादी तयार होण्यास वर्षे लागतात. शिवाय पिल्ले सहसा दूर जात नसल्याने एका टेकडीवरील अथवा माळावरील समूह नष्ट झाल्यास तो बाहेरून सहजासहजी भरून निघत नाही. म्हणून प्रजनन हा अधिवासरक्षणाला पर्याय ठरत नाही.