स्पीकरची खुर्ची

लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यात सेंट स्टीफनचे जुने प्रार्थनामंदिर होते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून कॉमन्स सभा तिथे भरू लागली. सभासद दोन्ही बाजूंच्या बाकांवर समोरासमोर बसत आणि पूर्वी जिथे वेदी होती, तिथे स्पीकरची खुर्ची असे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा आणि पार्लमेंट यांच्यात जो झगडा पेटला, त्यातले दोन मोठे प्रसंग या खुर्चीभोवतीच घडले.

खुर्ची नावालाच सभेची होती. स्पीकर सभेने निवडायचा, पण तो कोण असावा हे दरबारात आधीच ठरलेले असे. सभेचे गाऱ्हाणे राजाच्या कानावर घालायचे आणि राजाचा हुकूम सभेला ऐकवायचा, अशी दोन्हीकडची कामे त्याच्या गळ्यात. पार्लमेंट कधी बोलवायचे, कधी मोडायचे, हे राजाच्या मर्जीवर. सभेच्या हाती होत्या पैशाच्या नाड्या. नव्या करासाठी तिची संमती लागे.

1603 मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या जेम्सला हे सलत असे. राजे हे पृथ्वीवरचे देवच, असे त्याने 1610 मध्ये पार्लमेंटला ऐकवले. 1614 चे पार्लमेंट एकही कायदा न करता दोन महिन्यांत मोडले. 1621 च्या डिसेंबरात कॉमन्सने आपल्या कामकाजाच्या वहीत लिहून ठेवले, की राज्यकारभारावर मोकळेपणी बोलणे हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे. जेम्सने ती वही मागवली आणि ते पान स्वतःच्या हाताने फाडून टाकले.

सभासदही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सबंध सभेचीच समिती करायची, म्हणजे स्पीकरला खुर्चीवरून उतरावे लागे आणि सभेच्या विश्वासातला दुसरा कोणी चर्चा चालवी. दरबाराच्या माणसाचा चर्चेवरचा ताबा सुटावा म्हणून निघालेली ही तोड त्या काळात चांगलीच रुळली.

मग आला 2 मार्च 1629 चा दिवस. चार्ल्स पहिला राजा होऊन चार वर्षे झाली होती. बंदरांवरची जकात पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय वसूल होत होती आणि सभा त्यावर खवळली होती. स्पीकर जॉन फिंच याने राजाज्ञेने कामकाज तहकूब करत असल्याचे सांगितले आणि तो उठू लागला. तोच डेन्झिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सभासदांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून खुर्चीत दाबून बसवले. सभा उठेपर्यंत बसायचे, असे होलिसने त्याला बजावले. फिंच रडू लागला. दाराला आतून कुलूप पडले. बाहेर राजाचा दूत दार ठोठावत राहिला. तशा गोंधळात तीन ठराव मांडले गेले: धर्मात नवे पंथ घुसवणारा, मंजुरीविना जकात घ्यायचा सल्ला देणारा आणि ती मुकाट्याने भरणारा, तिघेही देशाचे शत्रू. जॉन एलियट या सभासदाने मसुद्याचा कागद आगीत टाकला होता, म्हणून होलिसने ते आठवतील तसे म्हणून दाखवले. सभेने होकाराचा गजर केला.

एलियटने याची किंमत मोजली. तो 1632 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच मेला. चार्ल्सने अकरा वर्षे पार्लमेंट बोलावलेच नाही. फिंच मात्र न्यायाधीश झाला आणि पार्लमेंटच्या मंजुरीविना लादलेल्या जहाजपट्टीच्या खटल्यात, ती भरायला नकार देणाऱ्या जॉन हॅम्पडेनविरुद्ध, त्याने राजाच्या बाजूने कौल दिला.

स्कॉटलंडशी युद्ध ओढवून तिजोरी रिकामी झाली, तेव्हा 1640 मध्ये राजाला पुन्हा पार्लमेंटच्या दारी यावे लागले. 4 जानेवारी 1642 ला तर तो अक्षरशः आला. शेकडो सशस्त्र माणसे बाहेर उभी करून चार्ल्स सभागृहात शिरला. पिम, हॅम्पडेन, हॅसलरिग, स्ट्रोड आणि तोच होलिस, असे पाच सभासद त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडायचे होते. स्पीकरची परवानगी मागून तो खुर्चीपाशी गेला आणि त्याने सभेवर नजर फिरवली. पाचही जण आधीच नदीमार्गे निसटले होते. ते कुठे आहेत, असे त्याने स्पीकर विल्यम लेंथॉलला विचारले. लेंथॉल गुडघे टेकून म्हणाला, की या जागी सभेच्या आज्ञेवाचून मला ना पाहायला डोळे आहेत, ना बोलायला जीभ. जॉन रशवर्थ हा तरुण कारकून हे सारे लघुलिपीत टिपून घेत होता, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. राजा रिकाम्या हाताने परतला. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले.

लेंथॉलला वीरपुरुष ठरवण्याचा मोह होतो, तो आवरावा. युद्धानंतर गेलेली राजेशाही परत आल्यावर 1660 मध्ये टॉमस स्कॉट या जुन्या सभासदावर खटला चालला, तेव्हा सभागृहात स्कॉट काय बोलला होता याची साक्ष याच लेंथॉलने दिली. ज्या संरक्षणासाठी त्याने गुडघे टेकले, तेच त्याने स्वतः मोडले. त्या एका दिवशी तो खुर्चीला जागला, हे मात्र खरे, आणि त्या दिवसाचे मोल त्याच्या पुढच्या दुबळेपणाने कमी होत नाही.

आपल्या संविधानाच्या 105 व्या अनुच्छेदात संसदेचे विशेषाधिकार सांगताना सुरुवातीला चक्क ब्रिटिश कॉमन्स सभेचाच दाखला होता. तो 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने काढला गेला. 1952 मध्ये तो दाखला जागेवर असताना पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदी, म्हणजे आपल्याकडच्या स्पीकरच्या खुर्चीवर, बसले ते गणेश वासुदेव मावळंकर.