आईबापांची चैन आणि मुलांचा खाऊ

व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे ऐन उन्हाळ्याचे दिवस. सायंकाळी व्याख्यान ऐकून परतताना आपल्यापैकी पुष्कळ जण एखाद्या रसवंतिगृहापाशी थबकतात. घुंगरांचा नाद चालू असतो, आले-लिंबू घातलेला रस समोर येतो, आणि पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच पत्नी म्हणते, "मुलं घरी आहेत. त्यांच्यासाठी काही न्यायला नको का?" पती म्हणतो, "रस घरी जाईपर्यंत काळा पडेल, आणि मुलं तर झोपलीही असतील." मग रस संपतो, पण मनाची रुखरुख संपत नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्यांची पुडी घेतली जाते. ती मुलांसाठी असते की आपल्या मनाच्या समाधानासाठी, हे सांगणे कठीण!

आईबापांनी स्वतःसाठी काही चैन केली, तर मुलांसाठीही तितकेच काही घेतले पाहिजे काय? प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु मुलाला न्याय-अन्यायाची पहिली ओळख खाण्याच्या वाटणीतूनच होते, म्हणून त्याचा थोडा नीट विचार करू.

प्रथम अन्न आणि खाऊ यांत भेद केला पाहिजे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ व्या सूक्तात एकट्याने खाणाऱ्याला पापाचा धनी म्हटले आहे. आणि एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. हे दोन्ही आदेश योग्यच आहेत. पण त्या सूक्तात दारी आलेल्या भुकेल्याचा विचार आहे. घरात भाकरी अपुरी असेल तर ती आधी मुलांच्या ताटात पडली पाहिजे, याविषयी दुमत नाही. ज्या मुलाचे पोट भरलेले आहे, त्याचा आईबापांच्या प्रत्येक पेल्यावर तसाच हक्क पोहोचतो, असे मात्र यातून निघत नाही.

खाऊचे शास्त्र निराळे आहे. आजोबा बाजारातून आले की नातवंड आधी त्यांच्या पिशवीकडे पाहते. त्या पिशवीतून चार चुरमुरे निघाले तरी ते हरखून जाते, कारण खाऊ म्हणजे 'बाहेर गेलो तरी तुझी आठवण होती' याची खूण. आणि आठवण तराजूत मोजायची नसते. म्हणून आपण दोघांनी पन्नास रुपये खर्च केले, तर मुलावरही पन्नास केलेच पाहिजेत, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

परंतु मूल हिशेब करतच नाही, असेही समजू नये. सात देशांतील ४ ते १५ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. दोन मुलांपुढे खाऊची विषम वाटणी मांडायची आणि निर्णय एकाच्या हाती द्यायचा: वाटणी मान्य केली तर दोघांनाही आपापला वाटा मिळेल, नाकारली तर कोणालाच काही नाही. आपल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळते असे दिसताच, स्वतःचा वाटा बुडवूनही ती वाटणी नाकारण्याची वृत्ती सातही देशांत आढळली. आपल्यालाच जास्त मिळत असतानाही वाटणी नाकारण्याची वृत्ती मात्र तीनच देशांत, आणि तीही मोठ्या मुलांत दिसली. हा प्रयोग मुलामुलांमधील होता, आईबापांशी त्याचा थेट संबंध नाही. तरी एवढे खरे की, दुसऱ्याच्या हातातला मोठा तुकडा मुलाच्या डोळ्यांत लवकर भरतो. आपल्या हातातला मोठा तुकडा खुपायला शिकवण लागते. ती घरीच मिळायची.

म्हणून मुलाच्या डोळ्यांदेखत खायचे असेल, तर साधा नियम हा की त्यातले थोडे त्याला द्यावे. पूर्ण पेला नको, चार घोट पुरेत. द्यायचे नसेल, तर ते त्याच्यासमोर खाऊ नये. चहा-कॉफीसारख्या मोठ्यांच्या गोष्टींना अपवाद आहे. पण तेथेही "हे मोठ्यांचं आहे, तुला अजून नको" असे सरळ सांगावे. "हे कडू औषध आहे" असे सांगू नये. ते औषध आपण किती आवडीने घेतो, हे मूल रोज पाहत असते!

या लपवाछपवीची किंमत मोठी आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २८ लहान मुले होती. चित्रे रंगवण्यासाठी अधिक चांगले साहित्य आणून देतो, असे वचन मोठ्या माणसाने प्रत्येकाला दिले. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळले, निम्म्यांच्या बाबतीत मोडले. मग प्रत्येकासमोर एक मिठाई ठेवून, थांबलास तर दोन मिळतील, असे सांगितले. वचन पाळलेले पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. मोडलेले पाहिलेली मुले तीनच मिनिटे. प्रयोग लहान आहे, पण आईबापांनी ध्यानात ठेवावा असा आहे. आपण ज्याला मुलाचा उतावीळपणा म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याच शब्दावरचा अविश्वास असतो. "उद्या आणीन" म्हटले, तर उद्या आणलेच पाहिजे. आणायचे नसेल, तर "आज नाही" एवढेच म्हणावे.

कोणी म्हणतील, अशाने मुले सोकावतील, दात किडतील. साखरेची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की, पदार्थांत घातलेली साखर आणि मध, पाक, फळांचा रस यांतील साखर मिळून रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. पण हा नियम मुलांप्रमाणेच मोठ्यांनाही लागू आहे. मुलाच्या दातांची काळजी सांगत स्वतः जिलेबीचा पुडा सोडणाऱ्या बापाचा उपदेश मुलाला पटेल कसा? शिवाय नुसत्या बंदीने भागत नाही. फिशर आणि बर्च या दोघींनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एक खाऊ डोळ्यांसमोर ठेवून त्याला अटकाव करताच मुले त्याविषयीच अधिक बोलू लागली, तोच मागू लागली.

आता दुसरी बाजू. आईबापांना मुलांविना काही सुख घेण्याचा अधिकारच नाही काय? आहे, आणि तो विशेषतः आईला आहे. आपल्या घरांतून सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाणारी आई पिढ्यान्पिढ्या वंदनीय ठरली. तिने कधी दुपारी मैत्रिणीबरोबर कुल्फी खाल्ली, तर ती चोरासारखी तोंड पुसून घरात शिरते. हे बरे नव्हे. अशा घरातली मुलगी शिकते की, बाईने स्वतःसाठी काही घेणे हा गुन्हा आहे. मुलगा शिकतो की, आईला काही आवडतच नाही. "आज मी मैत्रिणीबरोबर कुल्फी खाल्ली, फार छान होती, रविवारी आपण सगळे जाऊ" असे तिने मोकळेपणाने सांगावे, आणि रविवारी खरोखरच जावे. मुलाला त्या दिवशी कुल्फी मिळाली नाही, तरी आईलाही आवडनिवड असते, हे त्याला कळले. ही लहानसहान मिळकत नव्हे.

सारांश, खाऊची बरोबरी करण्याची गरज नाही. खरेपणा मात्र हवा. समोर खाल तर वाटून खा. मागे खाल तर लपवू नका. शब्द द्याल तर पाळा. आज परतताना रस अवश्य प्यावा. पुडी न्यावीशी वाटली तर न्यावी. नाही नेली, आणि सकाळी मुलाने विचारले, "काल काय खाल्लंत?" तर "काही नाही" असे मात्र म्हणू नये.